भिशीची वही : कोल्हापुरातल्या तालीम मंडळांच्या पोरांना खुले पत्र

पेठापेठांतल्या तालमींच्या आणि तरुण मंडळांच्या पोरांनो,

दिवाळी पाडव्याला तुमच्यातला एकजण फराळाचा डबा घेऊन आमच्या घरी आला. आण्णा, म्हणजे माझे सासरे, दारात खुर्चीवर बसले होते. त्यांना डिमेन्शिया आहे, विसरत जाण्याचा मेंदूचा आजार. तो पाया पडला. "कुणाचा रं तू?" आण्णांनी विचारलं. त्यानं वडिलांचं नाव सांगितलं. मिनिटाभरानं आण्णांनी पुन्हा तेच विचारलं आणि त्यानंही पुन्हा तितक्याच नीटपणे सांगितलं. आत येऊन चहाचा कप हातात धरून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काकू, आम्हाला आधीच कळलं होतं. भिशीत दोन हजार कमी आले तेव्हाच."

मला काही समजेना. मग त्यानं सांगितलं. कट्ट्यावरच्या वीस जणांची महिन्याला हजार रुपयांची भिशी, हिशेब आण्णांकडं. एका महिन्यात वीस हजारांच्या जागी अठराच निघाले. आण्णांनी वही तीनदा चाळली आणि "बरोबर आहे की" म्हणून मिटली. तुमच्यातल्या चौघांनी खिशातले पाचपाचशे गुपचूप घातले आणि भिशी फोडली. पुढच्या महिन्यात एकाचंच नाव दोनदा लिहिलेलं निघालं. तुम्ही तेही सावरलं. त्यानंतर "आण्णा, तुम्ही नुसतं बसा, लिहायचं आम्ही बघतो" म्हणून वही काढून घेतली. आण्णांना वाईट वाटू नये म्हणून आमच्या घरी कुणी शब्दानं बोललं नाही.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? रात्रभर झोप नाही. अठरा म्हणजे वीस नव्हेत हे ज्या माणसाला कळलं नाही तो कोण होता ते आठवा. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून 38 वर्षं काढलेला माणूस. सौद्यात दर पुकारला की रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, संख्या, वजन, हमाली, तोलाई सगळं वजा करून शेतकऱ्याची पट्टी कागदाला पेन लागायच्या आत तोंडावर तयार. कॅल्क्युलेटर आला तेव्हा म्हणायचे, "हे मशीन माझ्यामागनं पळतंय." अशा माणसाचे दोन हजार चुकले ही साधी गोष्ट नव्हती. ती धोक्याची घंटा होती आणि ती पहिल्यांदा तुमच्या पायरीवर वाजली, आमच्या घरात नाही.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की आम्हीही तेच करत होतो. 2021 च्या पुरानंतरची गोष्ट. आण्णा एकच प्रश्न चार वेळा विचारायचे, आम्ही म्हणायचो लॉकडाऊनमध्ये बसून बसून माणूस सैरभैर झालाय. लाईट बिल दोनदा भरलं गेलं, तेव्हापासून बिलं माझे मिस्टर भरू लागले. लग्नाकार्याला जायचं आण्णा टाळू लागले, आम्ही म्हटलं गर्दीचा कंटाळा येतोय. पतसंस्थेचं पासबुक सापडेना, तेव्हा आण्णा माझ्यावर घसरले: "माझ्या पैशावर हिचा डोळा आहे." पंचवीस वर्षांत माझ्याशी आवाज चढवून न बोललेला माणूस. मी स्वयंपाकघरात तोंड लपवून रडले. पासबुक आठ दिवसांनी तांदळाच्या डब्यात मिळालं. संशय हेसुद्धा या आजाराचं एक लक्षण असतं, हे मला दोन वर्षांनी डॉक्टरांनी सांगितलं. ती दोन वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत काढली.

आणि पेठेत कुणाकुणाला काय काय माहीत होतं म्हणता! सलूनवाल्याकडं आण्णा एकाच सकाळी दोनदा दाढीला गेले होते. "आण्णा, आत्ताच केली न्हवं" म्हणून त्यानं हसून परत पाठवलं. किराणावाल्यानं त्यांना आठवड्यात चार वेळा शेंगदाणे दिले होते. गिऱ्हाईक मागतंय, तो देणारच. गंगावेशीत दूध कट्ट्यावर आण्णा ग्लास संपवून, पैसे देऊन, पुन्हा रांगेत उभे राहिले होते. आणि तुम्ही? खासबागेतली ती जुनी कुस्ती आण्णांना पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा. तिसऱ्या खेपेला त्यांचं वाक्य तुम्ही आधीच म्हणायचा आणि सगळा कट्टा हसायचा. आण्णाही हसायचे. त्यांना ते पहिल्यांदाच सांगतोय असं वाटत होतं.

प्रत्येकाजवळ एकेक चिंधी होती. वाकळ कुणी शिवली नाही.

हे पत्र दवाखान्यांना, महापालिकेला किंवा कलेक्टरसाहेबांना न लिहिता तुम्हाला का लिहितेय, त्याचं कारण हेच. घरातल्यांना माणूस रोज दिसतो म्हणून फरक दिसत नाही. डॉक्टरांसमोर पाच मिनिटं माणूस कपड्यांत, बोलण्यात, नमस्कारात अगदी व्यवस्थित असतो. आमच्या पहिल्या डॉक्टरांना तर आण्णांनीच गुळाचे दर ऐकवले. तेही तीस वर्षांपूर्वीचे, पण ते त्यांना कसं कळणार? "वयाप्रमाणं होतं" म्हणाले आणि टॉनिक दिलं. कट्टा मात्र माणसाला रोज, तासभर, घराबाहेर आणि हिशेबात, पत्त्यांत, गप्पांत बघतो. सवयीची गोष्ट कुठं अडखळली हे तुम्हालाच दिसतं.

आपल्याकडं एक म्हण आहे, साठी बुद्धी नाठी. या म्हणीनं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्या औषधानं भरून येणार नाही. साठीपुढच्या लोकांची देशभर पाहणी करून 2023 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतात या वयातल्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. आता उलटं वाचा: साठी ओलांडलेल्या शंभरातल्या नव्वदाहून जास्त जणांना तो नसतो. मग बुद्धी नाठी कुणाची? शंभरातल्या ज्या सात-आठ जणांची कमी होतेय, त्यांच्या मेंदूला आजार झालेला असतो. गुडघा दुखला तर आपण एक्स-रे काढतो आणि डोकं चालेना झालं की म्हातारचळ म्हणतो.

स्मृतिभ्रंश हा छापील शब्द, डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. त्यात बरेच प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणं शंभरातले 60 ते 70 रुग्ण अल्झायमरचे असतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन होणारा दुसरा प्रकार, बीपी आणि शुगर न सांभाळणाऱ्या आपल्या कोल्हापूरकरांनी तो विशेष ध्यानात ठेवावा. आणखीही आहेत. एकात सुरुवातीला आठवण शाबूत राहते आणि स्वभावच बदलतो. शांत माणूस शिवीगाळ करू लागतो, चारचौघांत नको ते बोलतो, आणि लोक म्हणतात म्हातारा वाया गेला. हा फक्त म्हाताऱ्यांचाच रोग आहे असंही समजू नका. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी 1906 मध्ये ज्या बाईची हकिकत पहिल्यांदा मांडली, ती इस्पितळात आली तेव्हा 51 वर्षांची होती.

आता तुम्ही म्हणाल, काकू, विसरतो तर आम्हीपण. गाडीची किल्ली रोज शोधतो. शोधा की! किल्ली कुठं ठेवली हे विसरणं आणि किल्ली हातात धरून हिचं काय करायचं असतं हे न कळणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एखाद्याचं नाव आठवत नाही, मग रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवतं, हे वयाचं. पण "मला कुणी सांगितलंच नाही" असं ठामपणे म्हणणं आणि आठवण करून दिली तरी ओळखीची खूणसुद्धा चेहऱ्यावर न उमटणं, हे वेगळं. नवीन गावात रस्ता चुकणं वेगळं आणि संध्यामठापासून स्वतःच्या घराचं वळण चुकणं वेगळं. शब्द अडतो तेव्हा "ते हे... त्यानं पाणी पितात ते..." असं सुरू होतं. पत्ते पिसणारा माणूस हळूहळू नुसता बघायला बसतो, मग तेही सोडतो. हे शेवटचं सगळ्यात फसवं. माणूस रुसलाय असं वाटतं. खरं तर डाव लक्षात राहत नाही हे त्याला कळलेलं असतं आणि तो लाजून बाजूला होतो.

आणखी एक. जुन्या आठवणींवर जाऊ नका. "काय बिघडलंय? आण्णांना तर चाळीस वर्षांपूर्वीची फुटबॉलची अख्खी टीम तोंडपाठ आहे!" असं तुम्ही म्हणायचा, आम्हीही म्हणायचो. अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा ताजी पानं आधी गळतात, जुनी शेवटपर्यंत टिकतात. टीम आठवते आणि सकाळचा नाष्टा आठवत नाही, ही तर खूणच आहे.

अखेर 2023 मध्ये मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी रक्त तपासलं, स्कॅन काढला आणि कागद-पेन्सिल पुढं ठेवली. "आण्णा, घड्याळ काढा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." आण्णांनी गोल झकास काढला. बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं बसवले आणि काटे काढायचे राहून गेले. मग शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. 93 लगेच आलं. पुढं काही येईना. आण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं, आणि अगदी दुकानातल्या आवाजात म्हणाले, "मालक, पुढचं उद्या सांगतो." माझे मिस्टर उठून बाहेर गेले. शाळेची पायरी न चढलेल्यांसाठी वेगळे प्रश्न असतात, त्यामुळं "आमच्या आज्जीला कुठं घड्याळ काढायला येतंय" म्हणून थांबू नका.

लवकर कळून काय उपयोग, औषध तर नाही, असं मला एका नातेवाइकांनी तोंडावर विचारलं. मुळापासून बरं करणारं औषध नाही हे खरं. गोळ्या आहेत, त्या आजार थांबवत नाहीत, काहीजणांना काही काळ सावरतात. पण आधी हे तर कळू दे की तो डिमेन्शियाच आहे! आमच्या शेजारच्या मावशी असंच विसरायच्या, घरातल्यांनी आशा सोडली होती. तपासणीत बी-12 अगदी तळाला आणि थायरॉईड बिघडलेला. इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू झाल्या, काही महिन्यांत मावशी पुन्हा भाजीवालीशी दोन रुपयांवरून भांडायला लागल्या. मनातली उदासी, कमी ऐकू येणं, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या, यांमुळंही माणूस तसाच दिसतो. आणि एक गोष्ट इथं ठळक लिहिते. काल बरा असलेला माणूस आज अचानक बरळायला लागला, माणसं ओळखेना झाला, तर ते डिमेन्शियाचं हळूहळू येणं नव्हे. लघवीचं इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम उतरणं, पडल्यावर मेंदूभोवती साठलेलं रक्त, असं काहीही असू शकतं. पडून दोन-तीन आठवडे झाले असले तरीही. तेव्हा कट्ट्यावर चर्चा करत बसू नका, रिक्षात घालून थेट दवाखाना गाठा.

दुसरा उपयोग कागदपत्रांचा. सुरुवातीच्या काळात माणसाला आपल्याला काय हवंय ते सांगता येतं, सही करता येते. वारसनोंद, जोडखातं, मृत्युपत्र हे सगळं तेव्हाच. पुष्कळांना वाटतं मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं. करून देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्यानं निकामी होतं. आमच्याकडं ही वेळ निघून गेली होती. आण्णांची सही पतसंस्थेच्या कार्डाशी जुळेना, आणि घरातल्या तीन भावांत जे झालं ते इथं लिहीत नाही.

तिसरा उपयोग, माझ्या लेखी सगळ्यात मोठा. त्या दोन वर्षांत आम्ही त्यांच्यावर ओरडलो नसतो.

म्हणून सांगते, काय करायचं. तुमच्या कट्ट्यावरच्या एखाद्या आण्णा-तात्या-बापूंचा हिशेब चुकला, गोष्ट पुन्हा पुन्हा आली, वळण चुकलं, तर एकदा झाल्यावर बोभाटा करू नका. डोक्यात ठेवा, जमलं तर मोबाईलमध्ये तारीख टाकून लिहा. दोन-चार महिन्यांत असं पुन्हा पुन्हा दिसलं की घरी जा. सगळे मिळून जाऊ नका, एकानंच जावं, ज्याला त्या घरात चहा मिळतो त्यानं. कट्ट्यावरून हाक मारून सांगू नका आणि त्या माणसासमोर तर नकोच. "बापूंना वेड लागलंय" असं म्हणायचं नाही. जे बघितलं तेवढंच सांगायचं: "अमक्या तारखेला असं झालं, तमक्या तारखेला तसं." डॉक्टरांना नेमकी हीच माहिती लागते. घरचे चिडतील. मीही चिडले असते, "तुम्हाला काय करायचंय" म्हणाले असते. चार दिवसांनी फोन मात्र केला असता. दाखवायचं कुठं असं विचारलं तर आपलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, आणि ज्येष्ठांसाठीची 14567 ही सरकारी हेल्पलाईनही आहे.

तुमच्यातल्या एकाला तर काही शिकवायलाच नको. आण्णा एकदा पहाटे पाचला टोपी घालून घरातून निघाले. निवृत्त होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती आणि ते सौद्याला निघाले होते. ताराराणी चौकात जिमला चाललेल्या एका पोरानं त्यांना ओळखलं. "आण्णा, तुम्ही रिटायर झालाय, वेड्यासारखं काय करताय" असं तो म्हणाला नाही. गाडी थांबवून म्हणाला, "आण्णा, आज सौदा बंद आहे. चला, मीपण परतच निघालोय." आण्णा मुकाट्यानं मागं बसले. घरी येऊन मला म्हणाले, "हमालांचा संप दिसतोय." त्या पोरानं कुठला कोर्स केला नव्हता. त्या दिवसापासून आण्णांच्या खिशात आमचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड असतं. तुमच्या पेठेत असं कुणी भांबावलेलं दिसलं तर आधी समोरून जा, मागून खांद्यावर हात टाकू नका, आणि खिसा बघायच्या आधी विचारा.

आता तुमच्या आया-बहिणींसाठी चार ओळी, त्यांनाही वाचून दाखवा. बायका कट्ट्यावर येत नाहीत, त्यामुळं त्यांच्याकडं कुणाचं लक्षच जात नाही. आणि मघाशी सांगितलेल्या देशभरच्या पाहणीत हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळलाय. त्यांची भिशीची वही म्हणजे स्वयंपाकघर. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना मीठ दोनदा पडतं, पांढऱ्या रश्श्यात काय आधी आणि काय नंतर हे आयुष्यभर हात सांगत आला तो हात थबकतो, भजनी मंडळात दुसरा अभंग संपला की पुन्हा पहिलाच सुरू होतो. आणि सून काय करते? "आई, तुम्ही बसा, मी करते." प्रेमानंच. तुम्ही आण्णांची वही घेतलीत तशीच. हातातलं काम गेलं की चूक दिसायची बंद होते.

एक सांगायचं नव्हतं, पण सांगते. 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी डिमेन्शियाचा धोका वाढवणारी, पण टाळता येण्याजोगी 14 कारणं सांगितली. त्यांत बीपी, शुगर, सिगारेट तर आहेतच, पण कमी ऐकू येणं आणि डोक्याला मार लागणं हीसुद्धा आहेत. महाद्वार रोडला डॉल्बीच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या आणि हेल्मेट आरशाला अडकवून हिंडणाऱ्या पोरांना याहून जास्त मी काय सांगू? आण्णा मिरवणुकीच्या रात्री कान दाबून कॉटखाली शिरायला बघतात. आवाज थोडा कमी ठेवलात तर बाप्पा रागावणार नाही.

तुमच्यातले काहीजण आता आण्णांना टाळतात. दारात बसलेले दिसले की गाडीचा वेग वाढतो. त्यांना काय बोलायचं ते सुचत नाही, मला कळतं. बोलू नका. खासबागेची ती कुस्ती सांगायला लावा. ती त्यांना अजून येते आणि यावेळी तुम्ही शेवटचं वाक्य आधी म्हणू नका, त्यांना म्हणू द्या.

आणि एक काम आहे. ती भिशीची वही तालमीच्या कपाटात असेल, लाल कापडी पुठ्ठ्याची, वर आण्णांच्या अक्षरात "श्री" लिहिलेली. ती मला हवी आहे. डॉक्टर म्हणाले, जुनं लिखाण असलं तर बघायला आणा, अक्षर आणि आकडे कधीपासून बदलले ते कळेल. मलाही बघायचंय, कुठल्या पानावर ते पहिल्यांदा चुकले आणि त्या दिवशी घरात मी काय करत होते. मंगळवारी संध्याकाळी आरतीनंतर मी तालमीच्या दारात येते. कुणीतरी किल्ली घेऊन थांबा. आणि त्या चौघांनी आपले पाचपाचशे घेऊन जावेत, मी पाकिटं करून ठेवलीत.

तुमची,
शिवाजी पेठेतली काकू